उसवायची शिलाई

५ जानेवारी

चिरंजीव जावईबापूंना शिलाईवाल्या सासूचे अनेक आशीर्वाद.

तुम्ही सुखरूप पोचल्याचं लेकीने फोनवर कळवलं. तुम्ही स्वतः का कळवलं नाहीत हे मी विचारत नाही. तुमचा आणि फोनचा मला अनुभव आहे. मी काही विचारलं की तुम्ही "हो, हो, आवाज कटतोय" म्हणता, आणि आवाज नेमका माझ्या प्रश्नालाच कटतो. म्हणून यापुढे आपण पत्रं लिहू. कागदावर थाप मारायची तर माणसाला खाली बसावं लागतं, पेन शोधावं लागतं, आणि तेवढ्या वेळात बहुतेकांना लाज वाटते. तुम्हाला वाटते का ते बघू.

तर मुद्दा असा. तुम्ही दोन दिवस इथे होतात, तेव्हा तुमची कामाची बॅग माझ्या मशीनशेजारी पडली होती. तिची चेन उघडी होती. मी उघडली नाही, ती उघडीच होती. आत जाड पट्ट्यांचं एक जंजाळ दिसलं. खांद्यांवरून जाणारे दोन पट्टे, छातीवर एक, खाली दोन मोठे फासे, पाठीवर लोखंडी कडी. त्या कडीला आणखी एक लांब पट्टा, त्याच्या टोकाला माझ्या मनगटाएवढा हूक. हे काय प्रकरण आहे?

लग्न ठरताना मी एकच अट घातली होती. हुंडा नको, दागिने नकोत, फक्त उंचावरचं काम सोडा. का, ते तुमच्या सासऱ्यांकडे बघून कळतं. हे दुकानांच्या पाट्या रंगवायला चढायचे. एकदा पडले, आणि तेव्हापासून पाठीला पट्टा बांधून माझ्या हाताखाली काज-बटणं करताहेत. घरात एक पडलेला पुरे. तुम्ही अट मान्य केलीत, आणि हल्ली पुलाच्या रंगकामावर भांडारात बसून डबे मोजता असं मला सांगण्यात आलंय. डबे मोजायला हूक लागतो का, एवढंच कळवा.

मी त्या वस्तूला हात लावलेला नाही.

तुमची,
सासू

---

१२ जानेवारी

तीर्थस्वरूप सासूबाईंना साष्टांग नमस्कार.

पत्र मिळालं. खाली बसलोय, पेनही सापडलंय.

तुमची शंका रास्त आहे, पण उगाच आहे. ते पट्टे माझे नाहीत, पिंपांचे आहेत. रंग डब्यांतून येतो तसा मोठ्या पिंपांतूनही येतो. पिंप ट्रकवरून उतरवायचं तर त्याला धड बांधावं लागतं, नाहीतर ते कलंडतं. खांद्यांवरून जाणारे पट्टे म्हणालात ते पिंपाच्या तोंडाकडून येतात. छातीवरचा म्हणालात तो पिंपाच्या पोटावर बसतो. खालचे दोन फासे तळाला आधार म्हणून. हूक अर्थातच क्रेनला. भांडारप्रमुख म्हणून ते सगळं माझ्या ताब्यात असतं आणि चोरीला जाऊ नये म्हणून मी ते बॅगेत ठेवतो.

माझं काम म्हणाल तर टेबल, खुर्ची आणि पंखा. सगळ्यात उंच चढतो ते खुर्चीवर, पंख्याची जाळी पुसायला. तेव्हाही तुमची लेक खुर्ची धरते.

सासऱ्यांच्या पाठीला आता कसं आहे? त्यांना नमस्कार.

आपला आज्ञाधारक,
जावई

---

१९ जानेवारी

चिरंजीव भांडारप्रमुखांना आशीर्वाद.

पत्र वाचून डोळे भरून आले. पिंपाची एवढी काळजी घेणारा माणूस आमच्या घराला लाभला. ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं, तर ह्यांना हसून हसून पाठीत कळ आली. तेव्हा पाठीला कसं आहे याचं उत्तर तुम्हीच बिघडवलंत.

एक शंका राहिली. मी वस्तूला हात लावलेला नाही, पण माझ्या टेपने लावला. पट्ट्यांवर बकलं जिथे रोज बसतात तिथे चेपल्याच्या खुणा पडल्या आहेत. त्या खुणांवरून माप घेतलं. खांदा, छाती, कंबर, मांडी. मग तुमच्या लग्नाचा कोट मी शिवला होता, त्याचं माप काढून बघितलं. तुमच्या पिंपाची छाती तुमच्याएवढीच आहे. खांदाही तोच. उजवा खांदा किंचित उतरता, तोही तसाच. कंबर तेवढी वाढली आहे, म्हणजे पिंपाला माझ्या लेकीचा स्वयंपाक मानवतोय.

आयुष्यभर लोकांची मापं घेतली, जावईबापू. मला मांडी आणि पिंपाचा तळ यांतला फरक कळतो.

रागावलेली नाही. रागवायचं होतं ते तुम्ही दुपारी माझ्या दिवाणावर घोरत होतात तेव्हाच रागावून झालं. चढता आहात हे तेव्हाच कळलं होतं. मग विचार केला, हा ऐकणार नाही, तर निदान पडणार नाही असं काहीतरी करू. तेव्हा तुम्ही पट्ट्याची काळजी करू नका. मी त्याची तजवीज केली आहे. माझ्या दुकानावर काय लिहिलंय ते तुम्हाला ठाऊक आहे: इथली शिलाई उसवत नाही. आता त्याला हत्ती टांगलात तरी उसवणार नाही.

पिंपाला जपा.

तुमची,
सासू

---

२७ जानेवारी

ती. सासूबाई,

तुमचं पत्र हातात पडायच्या आदल्याच दिवशी तुमची तजवीज उघडकीला आली. आज चेष्टा नाही, सरळ लिहितो.

हो, मी चढतो. पुलाच्या लोखंडी कमानींना वरून खालपर्यंत रंग देतो. मला ते काम येतं आणि आवडतं. तुम्हाला दिलेला शब्द मी मोडला आणि वर पिंपाची गोष्ट रचली. त्याबद्दल जी शिक्षा द्याल ती घेईन.

आता पट्ट्याचं. आमच्याकडे सुरक्षेचं सामान तपासणारी एक बाई आहे. ती टाके भिंगातून बघते, म्हणून सगळे तिला भिंगबाई म्हणतात. ती तीन आठवडे रजेवर होती. खरं तर रोज सकाळी ज्याने त्याने आपापलं सामान तपासून अंगावर चढवायचं असतं. मी काय करत होतो, तर हात फिरवल्यासारखं करून बकलं लावत होतो. भिंगबाई सोमवारी आली, माझा लॅनयार्ड, म्हणजे तो पाठीच्या कडीचा लांब पट्टा, हातात घेतला आणि विचारलं, "हे कुठल्या कारखान्यानं शिवलंय?"

मी म्हणालो, "का?"

"फार सुबक आहे. कारखाना इतकं मन लावून शिवत नाही."

सासूबाई, त्या पट्ट्यात एके ठिकाणी घड्या घालून शिवलेली छोटी उशीसारखी पुडी होती. तिची शिलाई तुम्हाला कच्ची वाटली असणार. तुम्ही तिचं आवरण उसवलंत, आतल्या सगळ्या घड्या जाड दोऱ्याने पुन्हा घट्ट शिवल्यात आणि वर काळ्या कापडाचं नवं आवरण चढवलंत. बरोबर? भिंगबाई म्हणाली, ती शिलाई कच्ची नव्हती, मुद्दाम तशी होती. माणूस पडला की त्याच्या वजनाचा हिसका त्या पुडीला बसतो. टाके एकामागून एक उसवत जातात, घड्या उलगडतात आणि हिसका तिथेच मुरतो. टाके उसवले नाहीत तर तोच हिसका माणसाच्या कमरेला, पाठीला, मानेला बसतो.

मला ते पटेना. मी म्हणालो, पक्की शिलाई वाईट कशी असेल? मग तिने सगळ्यांना अंगणात बोलावलं. एका जुन्या डांगरीत माझ्या वजनाची वाळू भरली, एक बाद झालेला हार्नेस, म्हणजे ते अंगावर घालायचे पट्टे, तिला चढवला आणि तुमचा पट्टा लावून ती तुळईवरून सोडून दिली. पोरांनी त्या बाहुल्याचं नाव लगेच जावई ठेवलं. धाडकन आवाज झाला. तुमचा एकही टाका हलला नाही. जावई मात्र दोन्ही मांड्यांत फाटला आणि सगळी वाळू खाली आली.

दुसरी डांगरी भरली. या वेळी कारखान्याच्या शिलाईचा, बाद व्हायला आलेला एक पट्टा लावला. करर्र असा लांब आवाज आला, जुनं कापड फाडल्यासारखा. पट्टा हातभर लांबला आणि जावई शांतपणे झुलत राहिला. चिमूटभर वाळू सांडली नाही.

सगळे हसत होते. मीही हसलो, आणि मग दिवस मोजले. तीन आठवडे मी तुमच्या शिलाईवर लटकत काम केलं होतं.

भिंगबाईने माझ्यासमोर पट्टा कापून टाकला. तुमच्यावर रागावू नकोस म्हणाली. माझ्यावर मात्र ती अशी रागावली, की ऐकून तुम्हालाही समाधान वाटलं असतं.

जावई

---

४ फेब्रुवारी

जावईबापू,

पहिला प्रश्न. त्या डांगरीची शिलाई कुणाची होती? मांडीत फाटते म्हणजे दुहेरी टीप नव्हती. वाळू काय, पाणी भरलं तरी माझी डांगरी सोडणार नाही.

हे लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. मग चहा करून आले. आता खरं लिहिते.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी दुकान उघडलं नाही. मला भीती वाटली. करायला गेले काय आणि होणार होतं काय, याचीच भीती. तुमचा जीव वाचवायचा म्हणून सगळ्यात चांगला दोरा काढला होता, जो मी गिऱ्हाइकालासुद्धा देत नाही.

ह्यांना पत्र वाचून दाखवलं. बाहुला पडला तिथपर्यंत हे हसत होते. मांड्या फाटल्या तिथे बटणाची सुई खाली ठेवली. मग म्हणाले, "माझी दोरी तुटली नव्हती."

हे पडले तेव्हा कमरेला दोरी होती, तुम्हाला कधी सांगितलं नाही. जाड, नवी दोरी. गाठ सुटली नाही, दोरी तुटली नाही, हे जमिनीला लागलेसुद्धा नाहीत. हवेतच थांबले, आणि पाठ गेली. दोरी चांगली होती, नशीब वाईट होतं, असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले. वर ह्यांना इतकी वर्षं चिडवलं, की तुम्हाला पडायचंसुद्धा धड कळत नाही. दोरीला मी कधी दोष दिला नाही. ती तुटली नव्हती ना.

मोडेन पण वाकणार नाही, असं लोक छाती काढून म्हणतात. माझा पट्टाही तसलाच निघाला. मोडायची वेळ मात्र तुमच्यावर आली असती.

शिक्षेचं म्हणाल तर, उतरा असं मी सांगणार नाही. सांगितलं तर तुम्ही "उतरलो" असं लिहाल, आणि ते वर बसूनच लिहाल. त्यापेक्षा चढा. पण पट्टा रोज सकाळी नीट बघायचा आणि कसा बघितला ते मला लिहायचं. पुन्हा थाप मारलीत तर मी तिथे येईन. भिंगबाईच्या शेजारी खुर्ची टाकून बसेन. आम्हा दोघींचं जमेल असं वाटतं.

तुमची,
सासू

---

१३ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप सासूबाईंना, जमिनीवर बसून, साष्टांग नमस्कार.

तुम्ही येणार या धमकीने इथे धावपळ उडाली आहे. भिंगबाईने तुमचं पत्र मागून वाचलं आणि "याच त्या?" असं आदराने विचारलं. खुर्ची तयार आहे म्हणाली. इथे एक भिंग कमी होतं म्हणून आता तुम्ही दुसरं.

हुकमाप्रमाणे अहवाल. सकाळी पट्टे उजेडात धरतो आणि इंच इंच वाकवून बघतो. कुठे कापलंय का, घासून केस उभे राहिलेत का, रंग किंवा रसायन सांडून पट्टा कडक झालाय का. मग टाके. मग हूक आपोआप मिटून कुलूप बसतं की नाही. मग अंगावर. मांडीच्या फाशात सपाट पंजा गेला पाहिजे आणि मूठ जाता कामा नये, हे माप तुम्हाला आवडेल. पाठीची कडी दोन खांद्यांच्या बरोबर मध्ये आहे ना, हे शेजारचा बघतो, कारण स्वतःची पाठ कुणाला दिसत नाही.

वर गेल्यावर हूक डोक्याच्या वर अडकवायचा. पायाजवळ अडकवला तर पडताना आधी हुकापर्यंत पडायचं आणि मग हुकाखाली तेवढंच. अडकवायचा तोही कमानीच्या जाड लोखंडाला, कठड्याच्या नळीला नाही. आता मला दोन हुकांचा पट्टा दिला आहे. एक बसल्याशिवाय दुसरा काढायचा नाही. माझ्यासारख्या शब्द मोडणाऱ्याला दोन ठिकाणी बांधलेलं बरं, असं तुमची लेक म्हणते.

आणि भिंगबाईचा खास निरोप. पट्टा ब्लीचने धुवायचा नाही, त्यावर शाईने नाव घालायचं नाही, इस्त्री करायची नाही, आणि शिवायचा तर मुळीच नाही. फलकावरच्या नियमांत तिने कालपासून एक ओळ वाढवली आहे: "सासूबाईंना सामान देऊ नये."

आपला, आता खरोखरचा आज्ञाधारक,
जावई

---

७ मार्च

जावईबापू,

दर आठवड्याला येणारा अहवाल दोन आठवडे आलेला नाही. लेकीला फोन केला, तर ती म्हणाली, "हो आई, आवाज कटतोय." तिचा आवाज कधी कटत नाही. चार घरं ऐकतात असा आवाज मी तिला दिला आहे. कटायचं ती कुणाकडून शिकली?

काय झालंय ते लिहा. वाईट असेल तरी लिहा. हे सकाळपासून तेच बटण लावताहेत आणि काढताहेत.

सासू

---

१२ मार्च

ती. सासूबाई,

पत्राबरोबर पुडकं आहे. ते आधी उघडू नका, आधी हे वाचा.

मी पडलो. मी ठीक आहे. मुद्दाम याच क्रमाने लिहिलं, कारण तुम्हाला खरं हवं होतं.

कमानीच्या वळणावर गंजाचा पापुद्रा पायाखालून सुटला. मी हूक बदलत होतो. एक बसला होता, दुसरा काढून हातात होता. पाय गेला आणि मी गेलो. ओरडायलाही वेळ मिळाला नाही. मग पाठीमागे करर्र असा आवाज आला. अंगणात ऐकला होता तोच. सासूबाई, आयुष्यात इतका गोड आवाज मी ऐकलेला नाही. कुणीतरी मागून कॉलर धरून हळूच थांबवावं तसा मी थांबलो. खाली नदी होती आणि माझी चप्पल तिच्याकडे निघाली होती. बूट होता, पण तुम्हाला लिहिताना चप्पल बरी वाटते.

लटकलेल्या माणसाला फार वेळ तसंच ठेवायचं नसतं, पायांत रक्त साचतं. म्हणून सुटकेचा दोर आधीपासून तयार असतो. मला पाय हलवत राहायला सांगितलं आणि पोरांनी लगेच खाली घेतलं. डॉक्टरांनी सगळं तपासलं. मांड्यांवर पट्ट्यांचे वळ आहेत, म्हणजे आता माझं माप टेपशिवाय घेता येईल. काही दिवस हात कापत होते, म्हणून लिहिलं नाही. लेकीला फोनवर खोटं बोलायला मी सांगितलं. ही माझी शेवटची थाप. मोजून ठेवा.

पुडक्यात तो पट्टा आहे. एकदा झेल घेतलेला पट्टा पुन्हा वापरत नाहीत, हार्नेसही बदलला. भिंगबाईने हूक कापून काढले म्हणजे कुणी चुकूनही वापरणार नाही, आणि उरलेलं तुम्हाला पाठवायची परवानगी दिली. नीट बघा. त्या पुडीचा एकही टाका टिकलेला नाही.

तुमचा,
जावई

---

२० मार्च

चिरंजीव जावईबापूंना त्यांच्या सासूचे खूप खूप आशीर्वाद.

पुडकं आधीच उघडलं. तुम्ही नको म्हणालात म्हणून.

उसवलेले टाके मी भिंग लावून बघितले. हो, भिंग विकत घेतलं, हसू नका. काय काम आहे ते. टाका कुठे तुटायचा आणि कशानंतर तुटायचा, हे शिवतानाच ठरवून ठेवलंय. मी आयुष्यभर न उसवणारं शिवत आले, ते त्या मानाने सोपं काम आहे.

ह्यांनी पट्टा मांडीवर घेतला आणि उलगडलेल्या घड्यांवरून कितीतरी वेळ बोट फिरवत बसले. मग म्हणाले, "माझ्या वेळी हा असता तर तुझ्या हाताखाली काज-बटणं करायची वेळ आली नसती." मी म्हटलं, "तुम्हाला पडायचं कळत होतं हो. दोरीलाच झेलायचं कळत नव्हतं." इतक्या वर्षांत मी चूक कबूल केल्याचं ह्यांना पहिल्यांदाच ऐकायला मिळालं. तेव्हापासून चहा दोनदा मागताहेत.

तुम्ही पडलात हे वाचताना मी भिंत धरून उभी होते. ठीक आहे वाचलं आणि खाली बसून रडले. पुढच्या वेळी "मी ठीक आहे" आधी लिहा. क्रम गेला खड्ड्यात. आणि पुढची वेळ आणू नका.

पट्टा दुकानात टांगला आहे, "इथली शिलाई उसवत नाही" या पाटीच्या बरोबर खाली. काल एक बाई कोट शिवायला आल्या. वर बघून म्हणाल्या, "एवढी वाईट शिलाई दुकानात कशाला मांडलीत? एक टाका धड नाही." मी म्हणाले, "बाई, त्यातला एक टाका जरी धड राहिला असता तरी मला घोर लागला असता. माझ्या लेकीचं घर या उसवलेल्या टाक्यांवर उभं आहे." त्यांना काही कळलं नाही. माप देऊन गेल्या.

तुम्हाला नवा पट्टा मिळाला असेल. इकडे याल तेव्हा बॅग खुशाल मशीनशेजारी ठेवा, चेन उघडी ठेवा. मी त्याला हात लावणार नाही. तुम्ही मात्र रोज लावा.

तुमची,
सासू